ताणाने आखडलेली मान: सैल करावी की कामाला लावावी?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीची मान धरते. ती बँकेत आहे, आणि गेली सहा-सात वर्षे हे चुकलेले नाही. सकाळी उठल्यावर उजवीकडे बघायचे तर अख्खे धड वळवावे लागते. "मान वर करायला फुरसत नाही म्हणतो ना आपण, तसं खरंच झालंय बघ," असे ती गेल्या वर्षी फोनवर म्हणाली. दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती कसला तरी ताळा जुळवत बसली होती, आणि तिचे दोन्ही खांदे हळूहळू कानांच्या पाळ्यांकडे चढत चाललेले मला समोरून दिसत होते. सांगितले तेव्हा खाली आले. पाच मिनिटांनी बघते तर पुन्हा वरच.

त्या दोन दिवसांत तिला मिळालेले सल्ले असे: मावशीने तव्यावर जाडे मीठ भाजून फडक्यात पुरचुंडी बांधली. माझ्या आईने उशी उन्हात टाकायला सांगितली, कारण मान आखडली की दोष उशीचा हे तिच्या माहेरी पक्के ठरलेले आहे. शेजारच्या काकांनी गळ्याचा पट्टा आणून दिला. शाखेतल्या सहकाऱ्याने स्नायू सैल करणारी गोळी सुचवली, दुसरीने योगवर्गाचा पत्ता दिला. फिजिओने रबरी पट्टा हातात देऊन व्यायाम करायला सांगितला. म्हणजे कोणी सांगत होते मान हलवू नकोस, कोणी सांगत होते तिला कामाला लाव. ताणाने आखडणाऱ्या मानेविषयी शास्त्राचा वादही बराचसा याच दोन टोकांमध्ये चालला आहे, आणि तो आज कुठवर आला आहे हे पाहावे म्हणून हा लेख.

मागचा इतिहास

आयुर्वेदाला हे दुखणे जुन्या काळापासून माहीत आहे. त्याचे नाव मन्यास्तंभ. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात त्याची कारणे दिली आहेत: दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे-उभे राहणे, मान वर करून सतत पाहणे. त्यामुळे बिघडलेल्या वायूला कफाने आवरण घातले की मान स्तंभित होते. चरकाच्या वातविकारांच्या ऐंशीच्या यादीतही मन्यास्तंभ आहे, आणि वायू बिघडवणाऱ्या कारणांमध्ये चिंता आणि शोक यांना आयुर्वेदाने जागा दिलेली आहे. सुश्रुताने सांगितलेल्या उपचारात नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणे, आणि रूक्ष स्वेद, म्हणजे कोरडा शेक, यांवर भर आहे. मावशीची मिठाची पुरचुंडी याच कुळातली. आज मात्र मान आखडली की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो.

पाश्चात्त्य वैद्यकात ताण आणि स्नायू यांची सांगड पद्धतशीरपणे घातली ती शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी. १९२९ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात एक साधी रीत आहे: एकेक स्नायूगट मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, आणि सोडल्यावर तिथे काय वाटते याकडे लक्ष द्यायचे. आवळलेपणा ओळखता आला की तो सोडताही येतो, हा त्यामागचा विचार. आपल्या खांद्यांवर ही रीत लगेच करून पाहता येते. खांदे कानांपर्यंत नेऊन पाच-सात सेकंद धरा, मग एकदम टाका. खाली आल्यावरही ते आणखी थोडे उतरू शकतात हे बहुतेकांना तेव्हा प्रथम कळते.

जेकबसनच्या पाठोपाठ जॅनेट ट्रॅव्हल आल्या. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या त्या डॉक्टर. स्नायूत दाबल्यावर दुखणाऱ्या आणि दूरवर कळ पाठवणाऱ्या गाठींचा, म्हणजे ट्रिगर पॉइंटचा, त्यांनी डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. त्यावर जगभर मालिशवाल्यांपासून सुई टोचणाऱ्या फिजिओंपर्यंत अनेकांचे काम उभे आहे. २०१५ मध्ये क्विंटनर आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेची कठोर तपासणी करून असे म्हटले, की या गाठी म्हणजे दुखण्याचे मूळ आहे हा सिद्धान्त टिकत नाही. दाबल्यावर तिथे दुखते हे कोणी नाकारत नाही. का दुखते, एवढाच वाद आहे.

मधल्या काळात एक्स-रे आणि एमआरआय घरोघरी पोचले आणि आपल्याकडे प्रत्येक मानदुखीला 'स्पाँडिलायटिस' हे नाव चिकटले. त्या अहवालांतली भाषा भीतीदायक असते. म्हणून जपानमधला एक अभ्यास इथे मुद्दाम सांगते. नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय केले. त्यांतल्या ८७.६ टक्के जणांच्या मानेत चकतीचा फुगवटा दिसला, विशीतल्या बहुसंख्य निरोगी माणसांतही. अहवालात फुगवटा आहे म्हणून दुखणे त्यामुळेच आहे असे त्यानंतर कोणालाही सहज म्हणता येत नाही.

ताण मानेत उतरतो कसा

डोक्याचा भार साधारण पाच किलो. तो सात मणक्यांच्या टोकावर तोललेला असतो आणि सावरायला असतो ट्रॅपेझियस: डोक्याच्या मागच्या हाडापासून दोन्ही खांद्यांच्या टोकांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला, पतंगाच्या आकाराचा स्नायू. चिमटीत धरला की आपण "इथेच, इथेच" म्हणतो तो याचा वरचा भाग.

स्नायूंतल्या विद्युत-लहरी टिपून केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट बरीच पक्की झाली आहे. माणसाला नुसते खुर्चीत बसवून तोंडी गणिते घातली, तरी ट्रॅपेझियस जागा होतो. स्वीडनच्या उल्फ लुंडबर्ग यांच्या १९९०च्या दशकातल्या प्रयोगांनी हे दाखवले. हात रिकामे, वजन काही नाही, तरी स्नायू काम करतो. हे काम मात्र अगदी थोडे असते, पूर्ण जोराच्या काही टक्केच. मग एवढ्याशा आकुंचनाने इतके दुखावे का?

यावर १९९१ मध्ये स्वीडनच्याच योरान हेग यांनी मांडलेली कल्पना 'सिंड्रेला' या नावाने ओळखली जाते. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. कमी जोराचे काम आले की काही ठरावीक बारीक तंतू आधी उठतात आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत त्यांना सुट्टी नसते. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखे: सगळ्यांच्या आधी उठायचे, सगळ्यांच्या नंतर झोपायचे, आणि कामाला 'काम' असे नाव नाही. नॉर्वेमध्ये चॉकलेट वेष्टणात भरणाऱ्या स्त्री-कामगारांवर झालेल्या अभ्यासात या विचाराला आधार मिळाला. ज्यांच्या ट्रॅपेझियसला कामाच्या मध्ये क्षणाक्षणाच्या विश्रांत्या कमी मिळत, त्यांच्यात पुढे मानदुखी जास्त निघाली. भार किती यापेक्षा भार उतरतो की नाही हे महत्त्वाचे ठरले.

दुसरी बाजू बसण्याच्या ढबीला दोष देते. २०१४ मध्ये केनेथ हन्सराज यांनी गणित मांडले, की मान ६० अंश झुकवली तर कण्यावर २७ किलोंचा भार येतो. ते चित्र मोबाइलच्या जमान्यात गावोगाव पोचले. पण ते एक यांत्रिक गणित होते. प्रत्यक्षात फोनवर मान झुकवणाऱ्यांना जास्त दुखते का, हे त्यात पाहिलेले नव्हते. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वर्षांच्या तरुणांवर ते पाहिले तेव्हा ढब आणि दुखणे यांचा संबंध सापडला नाही. ढबीचा काहीच वाटा नाही असे यावरून म्हणता येणार नाही. तासन्तास एकाच ढबीत राहणे वाईट, मग ती ढब कितीही ताठ असो, असे आता बहुतेक फिजिओ सांगतात.

तिसऱ्या मताप्रमाणे गोष्ट स्नायूपेक्षा मज्जासंस्थेत अधिक आहे. ताण आणि अपुरी झोप यांनी वेदनेचा उंबरठा खाली येतो आणि एरवी जाणवलाही नसता असा संदेश मेंदू धोक्याचा म्हणून वाचतो. याबाबत ऑस्ट्रेलियात झालेला २०१७ सालचा प्रयोग फार बोलका आहे. तो पाठीवर केला होता, मानेवर नव्हे. पाठ ताठरली अशी तक्रार असणाऱ्यांच्या पाठी यंत्राने मोजल्या तर त्या इतरांहून ताठर नव्हत्या. मग पाठ दाबताना त्यांना करकरणाऱ्या दाराचा आवाज ऐकवला, आणि दाबाचा त्यांचा अंदाज बदलला. 'आखडणे' ही संवेदना शरीराचे मोजमाप नसून शरीराने घेतलेला पवित्रा असू शकते, असे त्यातून दिसते. दुखणे खोटे आहे असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. दुखणाऱ्या माणसाला "हे तुझ्या मनात आहे" असे सांगणे शास्त्रालाही धरून नाही.

चौथी बाजू ना मानेकडे बघते ना मेंदूकडे, ती कामाकडे बघते. अपेक्षा भरमसाट आणि ते काम कसे-कधी करायचे हे ठरवण्याचा अधिकार नाही, असा जोड सर्वांत घातक, हे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले. मानदुखीच्या दीर्घकालीन अभ्यासांत हा संबंध दिसतो, जरी फार मोठा नसला तरी.

या चार मतांत मला भांडण कमी आणि वाटणी जास्त दिसते. कामाने ताण येतो, ताणाने खांदे चढतात, चढलेले खांदे उतरत नाहीत, झोप बिघडते आणि मग थोडेसे दुखणेही मोठे वाटते. यातल्या कोणत्या कडीवर हात घालायचा, इथे खरा मतभेद सुरू होतो.

उपायांचा हिशेब

शेकापासून सुरुवात करते, कारण घरात तोच आधी होतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या तातडीच्या विभागात आलेल्या ६० रुग्णांना वेदनाशामक गोळी देऊन, अर्ध्यांना अर्धा तास गरम आणि अर्ध्यांना थंड शेक दिला. फायदा दोन्हींत थोडाच आणि जवळपास सारखा. म्हणजे जे बरे वाटते ते घ्यावे. मिठाच्या पुरचुंडीने कोणाचे नुकसान होत नाही, फक्त ती आधी आपल्या मनगटावर लावून पाहावी.

गळ्याच्या पट्ट्याचा मामला वेगळा आहे. मानेतून हातात उतरणारी ताजी कळ असेल तर थोडे दिवस पट्टा आणि विश्रांती उपयोगी पडते, असे २०५ रुग्णांच्या एका डच चाचणीत २००९ मध्ये दिसले. नुसत्या आखडलेल्या मानेला तो आधार मिळत नाही. तिथे पट्टा म्हणजे आधीच न हलणाऱ्या मानेला न हलण्याची सवय लावणे.

गोळ्यांविषयी आपल्याकडे जरा जास्तच मोकळीक आहे. स्नायू सैल करणारे थायोकोल्चिकोसाइड आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर सर्रास दिसते. युरोपच्या औषध नियामकांनी पेशींतल्या गुणसूत्रांवर होणाऱ्या संभाव्य परिणामामुळे तोंडाने घेण्यास सात दिवसांची मर्यादा घातली आहे. तीव्र मान-कंबरदुखीत अफूवर्गीय औषधांचा फायदा होतो का, हे ऑस्ट्रेलियातल्या ३४७ रुग्णांवरच्या चाचणीने तपासले. २०२३ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की सहा आठवड्यांनंतर खोट्या गोळीपेक्षा फरक नाही.

आता मुख्य वाद: सैल करणे की कामाला लावणे. त्याची सर्वांत चांगली कहाणी फिनलंडची आहे. २००३ या एकाच वर्षी तिथून दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, दोन्ही कार्यालयात काम करणाऱ्या, जुनी मानदुखी असलेल्या स्त्रियांवर. पहिलीत यलिनेन आणि सहकाऱ्यांनी १८० जणींचे तीन गट केले. दोन गटांनी वर्षभर मानेचे जोराचे किंवा दमाचे व्यायाम केले, तिसऱ्याला ताणण्याचे व्यायाम आणि चालण्यासारख्या हालचाली सांगितल्या. जोर लावणाऱ्या दोन्ही गटांचे दुखणे स्पष्ट कमी झाले. दुसरीत विल्यानेन आणि सहकाऱ्यांनी ३९३ जणींना घेतले: एक गट डंबेल्सचा व्यायाम करणारा, एक शिथिलीकरण शिकणारा, एक नेहमीसारखा राहणारा. वर्षभरानंतर तिघांच्या दुखण्यात फरक नव्हता. मान वळण्याची कक्षा मात्र पहिल्या दोन गटांत थोडी वाढली. म्हणजे दुखणे तेवढेच, पण मान जरा जास्त वळते! 'आखडणे' आणि 'दुखणे' यांना आपण एकच धरतो, त्या सवयीला हा निकाल धक्का देतो.

एकाच देशात, एकाच प्रकारच्या स्त्रियांत, उलट निकाल का? व्यायामाचा जोर, देखरेख, सातत्य यांतला फरक हे बहुतेकांचे उत्तर. नंतर डेन्मार्कच्या लार्स अँडरसन यांनी प्रश्न फार व्यवहारी केला: कमीत कमी किती? पायाखाली रबरी पट्टा दाबून दोन्ही हात बाजूंनी खांद्यांच्या उंचीपर्यंत उचलायचे, एवढाच व्यायाम. १९८ जणांत काहींनी तो रोज दोन मिनिटे केला, काहींनी बारा. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. २०११ मध्ये आलेला निकाल असा, की दहापैकी मोजलेले दुखणे दोन मिनिटांनी १.४ आणि बारा मिनिटांनी १.९ गुणांनी कमी झाले. दिवसभर नकळत आवळलेल्या स्नायूला मुद्दाम जोर लावायला देऊन आराम मिळावा हे ऐकायला उलटे वाटते. पण जोर लावून सोडण्यात तो 'सोडणे' पुन्हा शिकतो, अशी माझी समजूत आहे, आणि जेकबसनची रीत याहून फार लांब नाही.

ब्रॉनफोर्ट आणि सहकाऱ्यांची २०१२ मधली चाचणीही इथेच बसते. २७२ रुग्णांत घरी करण्याच्या साध्या हालचाली औषधांपेक्षा सरस आणि हाताने मान मोकळी करण्याच्या उपचाराच्या बरोबरीच्या ठरल्या.

हाताच्या उपचारांविषयी थोडे थांबून बोलायला हवे. मालिशचा पुरावा, चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने कच्चा ठरवला. २०१४ मधल्या २२८ जणांच्या चाचणीत आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर केलेल्या मालिशने फायदा दिसला, अर्ध्या तासाच्या मालिशने नाही. सलूनमध्ये दाढी-कटिंगनंतर मान कडकन मोडतात, त्याची गोष्ट निराळी आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या असतात, आणि अशा झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. कॅनडातल्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की अशा रुग्णांनी मान मोडणाऱ्या उपचारकांइतक्याच प्रमाणात साध्या डॉक्टरकडेही फेऱ्या मारल्या होत्या. म्हणजे काहींची रोहिणी आधीच चिरलेली असावी आणि मानदुखी हेच तिचे पहिले लक्षण. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये संबंध मान्य केला, पण झटका हेच कारण असल्याचे सिद्ध झाले असे म्हटले नाही, आणि रुग्णाला आधी सांगावे अशी शिफारस केली. शिकलेल्या उपचारकांबद्दल वाद चालू राहो. खुर्चीत मागे रेलून, अनोळखी हातात मान देणे आपण मात्र थांबवलेच पाहिजे.

योगाचा धागा आपल्या अगदी घरातला. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून स्वामी कुवलयानंदांनी योग प्रयोगशाळेत नेला. पुण्यात १९७५ मध्ये बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था उभी राहिली. पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरून आखडलेल्या शरीरालाही आसन साधता यावे ही त्यांची पद्धत आता जगभर आहे, आणि मानदुखीवर तिची चाचणी जर्मनीत झाली. २०१३ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ५१ रुग्णांना नऊ आठवडे अय्यंगार योग किंवा घरच्या व्यायामाची पुस्तिका दिली. योगगटाचे दुखणे जास्त कमी झाले. मात्र वर्गात शिक्षक असतो, सोबती असतात, आठवड्यातून एक वेळ स्वतःसाठी राखलेली असते. पुस्तिकेत यातले काही नाही. त्यामुळे श्रेय आसनाला किती आणि त्या राखलेल्या वेळेला किती, हे त्या चाचणीतून निघत नाही. ताणासाठी तर दुसरी गोष्टही कमी महत्त्वाची नाही.

यापैकी काही करण्याआधी एक पाहावे. आखडलेल्या मानेबरोबर ताप आणि जोराची डोकेदुखी असेल, हातात किंवा पायात शक्ती कमी वाटत असेल, चाल किंवा लघवीवरचा ताबा बिघडला असेल, पडल्या-झडल्यावर दुखू लागले असेल, अचानक अपूर्व कळ येऊन बोलणे अडखळले किंवा गरगरले, किंवा छाती-जबड्यात दाब आणि घाम असेल, तर हा लेख बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

काय सुटलेले नाही

वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्यांत रुग्ण 'ठरावीक कारण नसलेल्या मानदुखी'चे म्हणून घेतलेले होते. ज्यांची मान ताणानेच आखडते अशांना वेगळे काढून उपाय तपासण्याचे काम फार थोडे झाले आहे. आणि काढणार कसे? ताणाने आखडलेली मान ओळखणारी रक्ताची किंवा यंत्राची चाचणी नाही. विचारसरणी बदलण्यास शिकवणाऱ्या मानसोपचाराचा कॉक्रेनने २०१५ मध्ये आढावा घेतला तेव्हा जुन्या मानदुखीत थोडा आणि थोड्या काळाचा फायदा दिसला. तो थोडा का, उपचार कमी पडतो की चुकीच्या माणसांवर तपासला, हे उघडेच आहे.

२०२० मध्ये जगात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती, आणि स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. का, यावर एकमत नाही. स्वीडनमध्ये मारियान फ्रँकेनहॉयझर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. एका मोटार कारखान्यातल्या पुरुष आणि स्त्री व्यवस्थापकांची ताणाची संप्रेरके त्यांनी दिवसभर मोजली. कचेरीत दोघांचीही वर होती. संध्याकाळी घरी गेल्यावर पुरुषांची खाली आली, स्त्रियांची आली नाहीत. ज्या स्नायूला मधल्या विश्रांतीची गरज आहे, त्याला ती घरीही मिळत नसेल, तर कोणत्या व्यायामाने ती भरून काढायची, हे कोणी तपासलेले नाही. काम बदलून मान बरी होते का, हेही फार कमी तपासले गेले, कारण माणसाच्या हातात रबरी पट्टा देणे सोपे असते आणि शाखेत आणखी एक माणूस देणे महाग.

मावसबहिणीने डिसेंबरपासून तो पट्टा बाल्कनीत रोज ओढला. यंदा मार्चअखेर तिची मान धरली, पण दोन दिवसांत सुटली. ३१ तारखेला रात्री साडेनऊला ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते. पर्स ठेवून, हात धुऊन ती तशीच ओट्याशी गेली, कणीक बाहेर काढली आणि लाटायला लागली. तिसऱ्या पोळीला तिचे खांदे पुन्हा वर चढलेले होते. मी उठून तिच्या हातातले लाटणे घेतले.